काचेसारखी पट्टी

मळणी यंत्राचा पट्टा तुटला तेव्हा तातेराव हिवाळे यंत्राला लागूनच उभा होता. दोन हजार तीन सालची सोयाबीनची सुगी. मंठ्याहून वाटूरकडे जाताना रस्त्यालगत रामराव वायाळांचं शेत आहे, तिथे सकाळपासून मळणी चालू होती. ट्रॅक्टर रामरावांचा, यंत्रही त्यांचंच, पण दोन्ही चालवायचा तातेराव. पट्टा जुना होता. मागच्या हंगामात तो तुटला तेव्हा रामरावांनी नवीन आणण्याऐवजी लोखंडी जोड ठोकून घेतला होता. तोच जोड सुटून गोळीसारखा आला आणि तातेरावच्या उजव्या जांघेत घुसला.

त्याची बायको बेबीनंदा गावातल्या अंगणवाडीची सेविका होती. निरोप मिळाला तशी ती पोरांची खिचडी मदतनीस बाईवर सोडून धावत निघाली. तोवर लोकांनी तातेरावला जीपमध्ये घातलं होतं. पुंजाराम नावाचा मजूर आपला पटका गोळा करून जखमेवर दाबून बसला होता आणि पटका भिजून त्याच्या कोपरापासून रक्त गळत होतं. मांडीला लागलं असतं तर वरून दोरी आवळता आली असती. जांघेत दोरी बांधायला जागाच नसते. बेबीनंदाने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो एकदा म्हणाला, "थंडी वाजून राह्यली." त्यानंतर बोलला नाही.

जालना दूर, म्हणून जीप मंठ्याला डॉक्टर मच्छिंद्र वायाळांच्या दवाखान्यात नेली. हे रामरावांचे पुतणे. तरुण, हुशार, हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे. त्यांनी तातेरावला टेबलावर घेतलं आणि जखमेत गॉज कोंबायला सुरुवात केली. नर्स उषाबाई एकामागून एक घड्या देत होती आणि रक्त त्या घड्यांतून वर येत होतं. डॉक्टरांनी अंगाचा भार देऊन दाबलं. हात जरा सैल केला की पुन्हा तेच. मंठ्यात रक्ताची बाटली मिळायची सोय नव्हती आणि या अवस्थेत जालन्यापर्यंत माणूस टिकणार नाही, हे दारात उभ्या असलेल्या बेबीनंदालाही दिसत होतं.

डॉक्टर क्षणभर थांबले. मग म्हणाले, "उषाबाई, फ्रीजमधला खालचा डबा आणा."

डब्यातून एक पाकीट निघालं आणि पाकिटातून एक पारदर्शक तुकडा. तळहाताएवढा, शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखा लिबलिबीत, पण काचेसारखा स्वच्छ. डॉक्टरांनी गॉज उपसून काढला, तो तुकडा जखमेत बसवला आणि त्यावर तळहात दाबून धरला. बऱ्याच वेळाने त्यांनी हात उचलला. तुकडा जखमेच्या काठांना चिकटून बसला होता, त्याच्या आरपार आतली लाली दिसत होती आणि रक्त बाहेर येत नव्हतं.

बेबीनंदाने नवऱ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. डॉक्टरांच्या तोंडावर हायसं वाटल्याची खूण नव्हती, नवल होतं. ते त्या तुकड्याकडे असे बघत होते जणू त्याने त्यांनाच फसवलं होतं. त्या गडबडीतही तिच्या मनात येऊन गेलं की ज्याला आपली दवा माहीत असते तो तिच्याकडे असा बघत नाही.

जालन्याच्या दवाखान्यात रात्रीच्या आत ऑपरेशन झालं. सर्जनने फाटलेली शीर शिवली आणि बाहेर येऊन विचारलं की जखमेत हे काय लावलं होतं, कुणी लावलं होतं. बेबीनंदाने सांगितलं, मंठ्याच्या डॉक्टरांनी. सर्जन वयस्कर होते. त्यांनी ट्रेमधला तो लाल झालेला तुकडा चिमट्याने उलटा-सुलटा केला आणि म्हणाले की असली पट्टी आपण आजवर बघितलेली नाही. पण ती नसती तर हा माणूस इथपर्यंत पोचला नसता, हेही खरं.

तातेराव जगला. शीर शिवली गेली तरी वरचं मांस बरंच गेलं होतं, ती जखम आतून भरून यायला वेळ लागणार होता. त्याला घरी आणलं आणि त्याच आठवड्यात डॉक्टर मच्छिंद्र मोटरसायकलवरून दारात हजर झाले.

बौद्धवाड्यात डॉक्टर येणं ही साधी गोष्ट नव्हती. वायाळांच्या घरातलं माणूस तिथे मत मागायलाच यायचं. तातेरावची आई कांताबाई लगबगीने उठली, खाटेवर चांगली वाकळ टाकली. डॉक्टरांनी चहा घेतला, जखम बघितली, आधीची पट्टी काढून तिथे तसलाच काचेसारखा तुकडा बसवला. फी घेतली नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा आले. मग येतच राहिले.

"असा माणूस मिळायचा न्हाई," कांताबाई शेजारणींना सांगायची. "माझ्या लेकराला मरणाच्या दारातून आणलं, आन् वरून घरी येऊन बघतो."

बेबीनंदा ऐकायची. तिलाही उपकार वाटत होते, नाही असं नाही. पण डॉक्टर हात धुऊन निघाले की तिच्या मनात काहीतरी उरायचं. ते पाकीट आणायचे आणि रिकामं पाकीट खिशात घालून परत न्यायचे. जखमेवरून काढलेला जुना तुकडा टाकून द्यायचे नाहीत. झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवून तीही बॅगेत टाकायचे. आणि दुसऱ्या खेपेपासून त्यांच्याजवळ कॅमेरा असायचा. जखमेचे फोटो काढायचे. जखम जांघेत, म्हणजे तातेरावला लुंगी पूर्ण बाजूला करावी लागायची. फोटो काढताना तो भिंतीकडे तोंड करून पडायचा.

"कशाला ओ साहेब फोटो?" तिने एकदा विचारलं होतं.

"जखम किती भरली ते कळतं," ते म्हणाले.

तिला आधी वाटलं, हे सगळं रामरावांमुळे चाललंय. अपघातानंतर रामरावांनी ज्वारीचं पोतं पाठवलं होतं आणि पोत्यासोबत निरोप, की तुटक्या पट्ट्याचं बाहेर कुठे काढू नका, पोलीस-कोर्टात पडून दोघांचंही नुकसान. पोतं कांताबाईने घरात घेतलं होतं. चुलत्याने पट्टा बदलला नाही, म्हणून पुतण्या फुकट मलमपट्टी करतोय आणि उद्या तक्रार झालीच तर माणूस किती ठणठणीत आहे हे दाखवायला फोटो जमवतोय, असा हिशेब तिने मांडला. तो तिला पटलाही. वाड्यातल्या लोकांचे तर्क वेगळेच होते. कुणी म्हणे डॉक्टरला पंचायत समितीला उभं राहायचंय. कुणी म्हणे तातेरावचं मूत्रपिंड काढून विकायचा बेत आहे. बेबीनंदा मूत्रपिंडवाल्यांवर चिडायची, पण दारात मोटरसायकलचा आवाज आला की हातातलं काम टाकून खाटेजवळ जाऊन उभी राहायची.

मग जखमेभोवती लाल चट्टा उठला. तुकडा जिथवर चिकटायचा, बरोबर तिथवर. तातेराव खाजवून हैराण झाला. बेबीनंदाने डॉक्टरांना सरळ विचारलं की ही पट्टी कसली आहे.

"जेल आहे. जखम ओली ठेवतं, त्यानं लवकर भरते. बाहेरच्या देशात असलं वापरतात."

"नाव काय तिचं?"

"नाव सांगून तुम्हाला काय कळणार, बाई?"

ते हसून बोलले होते, रागाने नाही. तरी ते शब्द तिच्या मनाला लागले. दहावी झालेली बाई होती ती. अंगणवाडीतल्या प्रत्येक लेकराचं वजन, प्रत्येक लसीचं नाव तिला पाठ होतं. तिने पुढे काही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून डॉक्टर जखमेवर हात ठेवत तेव्हा ती त्यांच्या हातांकडे बघत नसे, तोंडाकडे बघत असे.

पुढच्या तपासणीला ती नवऱ्याला घेऊन जालन्याला गेली. त्याला बाकावर बसवून तिने नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरची औषधांची दुकानं पालथी घातली. मलईसारखी, काचेसारखी, चिकटणारी पट्टी. एका दुकानदाराने ट्यूबमधलं जेल दाखवलं, ते पातळ होतं आणि चिकटत नव्हतं. दुसऱ्याने विचारलं की पाकिटावर कंपनीचं नाव असेल, ते पाकीट आणा. तिसरा गिऱ्हाइकांत होता; त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, जी वस्तू दुकानात येते तिला नाव असतं. बिननावाची वस्तू दुकानात येत न्हाई."

परत येताना बसमध्ये तातेरावने विचारलं की कुठं गेल्ती. तिने सांगितलं, बांगड्या बघत होते. त्याने तिच्या रिकाम्या पिशवीकडे बघितलं.

मंठ्याच्या बाजाराच्या दिवशी ती एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टर कुठेतरी बाळंतपणाला गेले होते. दुपारची वेळ, बाकं रिकामी. उषाबाई काउंटरमागे सुया उकळत होती. ही परतूरकडची विधवा बाई, मुलीला घेऊन दवाखान्याच्याच मागच्या खोलीत राहायची. बेबीनंदाने इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं की त्या फ्रीजमधल्या पट्ट्या कुठून येतात.

उषाबाईचा हात थांबला. तिने सांगितलं की तो डबा साहेबांचा आहे, आम्ही हात लावत नाही. मग जरा वेळाने, बेबीनंदाकडे न बघता म्हणाली की पाणी प्यायचं असेल तर मागच्या अंगणात रांजण आहे.

पाण्याचा माठ तिथेच काउंटरवर होता. बेबीनंदा त्या माठाकडे बघून उठली आणि मागच्या दाराने अंगणात गेली.

तिथे लिंबाखाली शेळ्या बांधल्या होत्या. चारा टाकलेला होता, त्या निवांत खात होत्या. बेबीनंदा रांजणाकडे वळणार तेवढ्यात एक शेळी वळली. तिच्या मागच्या पायाच्या आतल्या बाजूचे केस भादरलेले होते, कातडी गुलाबी दिसत होती आणि त्या कातडीवर एक पारदर्शक तुकडा चिकटलेला होता. त्याच्या आरपार जखम दिसत होती. भोवती लाल चट्टा होता. तिने दुसरी शेळी बघितली. तिलाही तसंच.

ती किती वेळ तिथे उभी राहिली हे तिला नंतर सांगता आलं नाही. पाणी न पिता ती आत आली. उषाबाई तिला म्हणाली, "मी काय बोलले न्हाई." बेबीनंदाने मान हलवली आणि बाजार न करताच शेअर जीपमध्ये बसली.

घरी आल्यावर तिने तातेरावला सगळं सांगितलं. त्याने छताकडे बघत ऐकलं. कांताबाई मधेच म्हणाली की शेळीला लावलेलं औषध माणसाला चालत नाही असं कुठं आहे, आपण नाही का हळद दोघांना लावत. हळदीला निदान हळद हे नाव आहे, असं बेबीनंदा मनात म्हणाली.

डॉक्टर आले ते दोन दिवसांनी. कॅमेरा गळ्यात होता. त्यांनी बॅग उघडली तेव्हा बेबीनंदा खाट आणि बॅग यांच्या मधे उभी राहिली.

"साहेब, तुमच्या अंगणातल्या शेळ्या मी पाह्यल्या," ती म्हणाली. "आता पट्टी लावायच्या आधी सांगा, ती काय हाय, कुठून आणली, आन् यांच्या आधी कोणत्या माणसाला लावल्ती."

डॉक्टरांनी बॅगेची चेन पुन्हा लावली. मग खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी सांगितलं. घनसावंगीकडचा संपत नावाचा मित्र, कॉलेजात असताना हॉस्टेलवर त्यांच्याच खोलीत राहायचा. आता पुण्याला एका प्रयोगशाळेत होता. झिंग्याच्या टरफलातून एक पदार्थ काढून त्याची जेल तो बनवत होता; ओल्या, वाहत्या जखमेलाही ती चिकटावी आणि रक्त जागच्या जागी थिजावं म्हणून. उंदरांवर काम झालं होतं. शेळ्यांवर करून बघायला त्याने या पट्ट्या डॉक्टरांकडे दिल्या होत्या. माणसाला अजून कुणी लावली नव्हती.

"तातेराव पहिले," डॉक्टर म्हणाले.

कांताबाई खाली बसली.

"त्या दिवशी माझ्यापुढं दुसरा मार्ग नव्हता," डॉक्टर पुढे म्हणाले आणि आता त्यांचा आवाज जरा चढला. "गॉजनं थांबत नव्हतं, तुम्ही डोळ्यांनी बघितलं. मी ती लावली नसती तर हा माणूस आज इथं नसता. हे तुम्ही विसरू नका."

"न्हाई विसरत," बेबीनंदा म्हणाली. "रोज आठवतं. म्हणूनच तर आमचं तोंड बंद व्हतं. तुम्हाला ते ठाऊक व्हतं, म्हणून तुमी येत राह्यले. त्या दिवशी घाई व्हती. नंतर कशाची घाई व्हती?"

डॉक्टरांनी तातेरावकडे बघितलं, जणू तो तरी आपली बाजू घेईल. तातेराव कोपरावर रेलून उठला.

"शेळ्या जगल्या का?" त्याने विचारलं.

"बहुतेक जगल्या. एक गेली. ती कशानं गेली ते नक्की कळलं नाही."

"ते तुम्हाला ठाऊक असून तुमी मला लावत व्हते?"

"ती शेळी तुमच्या अपघातानंतर गेली. तरी... हो. ठाऊक होतं."

तातेराव पुन्हा आडवा झाला. तो शांत माणूस होता, वाड्यात त्याचं कुणाशी भांडण नव्हतं. आवाज न चढवता तो म्हणाला, "त्या दिवशी शुद्धीत असतो आन् तुमी इचारलं असतं, तर मी हो म्हणलो असतो. मरणारा माणूस हो म्हणणारच. पण मंग माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन तुमी न्हाई इचारलं. आन् ते फोटो. माझी लुंगी सोडून तुमी फोटो काढले. ते कुणी पाह्यले?"

डॉक्टरांनी सांगितलं की संपतने आणि त्याच्या वरच्या साहेबांनी. त्यांचा चेहरा उतरला होता.

तातेरावने एवढंच म्हटलं की ही पट्टी आत्ता काढा, आणि फोटोंच्या रिळासकट सगळं इथं आणून द्या. डॉक्टरांनी समजवायचा प्रयत्न केला. साधी पट्टी जखमेला चिकटते, रोज उपसताना जीव जाईल, भरायला वेळही जास्त लागेल. तातेराव म्हणाला, "जाऊ द्या जीव. माझा हाय."

त्या दिवशी डॉक्टर गेल्यावर कांताबाई सुनेशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आणि डॉक्टरांनी सांगितलेलं खरं ठरलं. साधा गॉज जखमेला धरायचा, ओढून काढताना तातेराव दात-ओठ खायचा. आठवड्याभराने जखमेतून पू यायला लागला, ताप भरला. बेबीनंदा त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवायची आणि मनात हाच विचार चालायचा की माझ्या संशयापायी याचा पाय जाणार का. कांताबाईने तर एकदा बोलूनच दाखवलं, की चांगलं चाललेलं मोडलंस. चांगलं चाललं होतं का, हे बेबीनंदाला खरंच माहीत नव्हतं, आणि सांगायला कुणी नव्हतं.

तिने पुन्हा त्याला जालन्याला नेलं. त्याच वयस्कर सर्जनने जखम धुतली, मेलेलं मांस काढलं, इंजेक्शनं चालू केली. बेबीनंदाने त्यांना शेळ्यांपासून सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले की त्या डॉक्टरने पहिल्या दिवशी जे केलं ते मीही कदाचित केलं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून जे केलं ते करायला नको होतं. मग कागदावर औषध लिहिता लिहिता म्हणाले, "तुम्ही विचारलंत ते बरं केलं." बेबीनंदाला रडू आलं. ती व्हरांड्यात येऊन उभी राहिली आणि डोळे कोरडे झाल्यावरच आत गेली.

हळूहळू ताप उतरला. संक्रांत होऊन गेल्यावर तातेराव काठी धरून ओट्यापर्यंत यायला लागला.

त्याच सुमारास पुण्याहून संपत आला. सोबत डॉक्टर मच्छिंद्र होते, पण ते रस्त्यावर मोटरसायकलजवळच थांबले. संपत बुटका, जाड चष्म्याचा माणूस. त्याच्या हातात फोटो आणि निगेटिव्हचा लिफाफा होता. तो त्याने तातेरावच्या हातात दिला. त्याने सांगितलं की पट्टी माणसाला लावल्याचं मच्छिंद्रने त्याला दुसऱ्या दिवशी फोनवर कळवलं होतं. तेव्हा तो आनंदाने नाचला होता. घरच्यांना विचारलं का, हे त्याने मच्छिंद्रला विचारलं नव्हतं. न विचारता लावल्याचं कळल्यावर वरच्या साहेबांनी आता सगळं काम थांबवलं होतं.

बेबीनंदाने त्याला ओट्यावर बसायला सांगितलं, पण चहा ठेवला नाही. तिने विचारलं, "तो लाल चट्टा तुमच्या पट्टीनं उठला का?"

"उठला असेल. शेळ्यांना उठतो," संपत म्हणाला. "काही लोकांना झिंगे सोसत नाहीत, त्यातलंही असेल. मला माहीत नाही."

"आन् नंतर पू झाला तो? पट्टी काढल्यानं झाला का पट्टी लावल्यानं?"

संपतने चष्मा काढून पुसला. "तेही मला माहीत नाही, ताई. खोटं सांगत नाही. दोन्ही होऊ शकतं."

इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदाच कुणी असं उत्तर दिलं होतं. त्याने तिचं समाधान झालं नाही, पण तिचे खांदे जरा सैल झाले. तिने आणखी बरंच विचारलं. झिंगे कुठले, टरफलातून काय निघतं, पोटात गेलं तर काय होतं, रक्तात राहतं का. संपत जे ठाऊक होतं ते सांगत होता आणि जे नव्हतं तिथे नाही म्हणत होता. मधेच त्याने तातेरावला विचारलं की जखम एकदा बघू का, फोटो नाही, नुसतं बघायचंय. तातेरावने विचार केला. मग म्हणाला की बघा, पण आत चला, आन् हे बाहेरचे साहेब आत नकोत.

संपत गेल्यावर तातेरावने लिफाफा चुलीत टाकला. निगेटिव्ह जळताना घाण वास आला. कांताबाईने नाकाला पदर लावला आणि सुनेला म्हणाली, "दार उघड गं." चांगलं चाललेलं मोडलंस म्हटल्यापासून ती सुनेशी पहिल्यांदाच बोलत होती.

मळणी यंत्राच्या तुटक्या पट्ट्याबद्दल बेबीनंदाने तहसीलमध्ये अर्ज दिला. त्याचं पुढे फार काही झालं नाही, पण रामरावांचा निरोप येणं बंद झालं. तातेराव पुढच्या सुगीला दुसऱ्या गावच्या यंत्रावर गेला. थोडा लंगडत चालायचा. डॉक्टर मच्छिंद्रांचा दवाखाना चालूच राहिला, लोकांची गर्दीही कमी झाली नाही. रस्त्यात भेटले तर ते थांबून पायाची चौकशी करायचे आणि बेबीनंदा बरं आहे म्हणून पुढे जायची. त्यांच्याबद्दल तिच्या मनात राग राहिला नव्हता, पण विश्वासही आला नाही. त्यांनी माझ्या नवऱ्याला वाचवलं, असं ती विचारणाऱ्याला सांगायची. त्याच्यापुढचंही सांगायची.

त्या वर्षी पोलिओच्या डोसाच्या दिवशी ती अंगणवाडीत बसली होती. वाड्यातली म्हातारी गोजरबाई नातवाला कडेवर घेऊन आली आणि बाटलीकडे बघून म्हणाली, "बेबी, ह्यात काय असतं गं? दर खेपेला पाजता, कधी सांगत न्हाई."

दरवेळी बेबीनंदा म्हणायची, चांगलं असतं, पाजा. रांग मोठी होती. तिच्या ओठांवर तेच शब्द आले होते. ती थांबली. मग तिने सांगितलं की ह्यात त्याच रोगाचे जंतू असतात, मेल्यासारखे कमजोर केलेले; त्यानं अंग रोगाशी लढायला शिकतं. एवढं तिला प्रशिक्षणात सांगितलेलं आठवत होतं. गोजरबाईने घाबरून लेकराचं तोंड छातीशी धरलं.

"रोगाचेच जंतू? आन् तुमी ते पोरांला पाजता?"

मागच्या बायका कुजबुजल्या. मदतनीस बेबीनंदाला हळूच म्हणाली की कशाला सांगितलंत. बेबीनंदा उठून समजवायला गेली, पण गोजरबाई विचार करून सांगते म्हणाली आणि नातवाला घेऊन निघून गेली. तिच्यामागे आणखी दोघी गेल्या.

संध्याकाळपर्यंत त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बेबीनंदा डोसाचा थर्मास खांद्याला लावून गोजरबाईच्या घरी गेली. गोजरबाई दळण निवडत होती. तिने या म्हटलं नाही, नको असंही म्हटलं नाही. बेबीनंदा तिच्यासमोर जमिनीवर बसली, सुपातले खडे वेचायला लागली आणि म्हणाली, "इचार मावशी, काय इचारायचं ते."

गोजरबाईने विचारायला सुरुवात केली.